ज्याला नसाच नाहीत, त्याला काय विचारायचं?

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना तिच्या पाठीवर आणि पोटावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग दिसायला लागले. आम्हाला त्या जन्मखुणा वाटल्या. पुढे काखेत बारीक ठिपके आले आणि मागच्या वर्षी मानेच्या उजव्या बाजूला मऊ सूज. तपासण्या झाल्या आणि ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप वन’ असं निदान झालं. ती सूज म्हणजे नसांभोवती पसरलेली प्लेक्सिफॉर्म गाठ आहे म्हणे. आम्हा दोघांनाही हा आजार नाही. जनुकीय चाचणीच्या अहवालात एक बदल सापडलाय, पण त्याच्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे. परवा एका व्याख्यानात ऐकलं, की या आजाराचं कोडं सुटायला यीस्टची फार मदत झाली. यीस्ट म्हणजे पाव फुगवतात तेच ना? त्याला मेंदू नाही, नसा नाहीत, कधी गाठ होत नाही. खरं सांगते, मला ऐकून रागच आला. माझ्या मुलीच्या मानेतल्या गाठीबद्दल त्याला काय विचारायचं? — एक आई

उत्तर : ताई, हो, तेच यीस्ट. पाव फुगवणारं. गेली २२ वर्षं मी त्याच्यावर काम करते आहे आणि त्यातली ६ वर्षं तुमच्या मुलीला जो आजार आहे त्याच्याच जनुकावर गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बसले ती या ६ वर्षांच्या जोरावर.

गाठ कशी होते, कुठे होते, किती वाढेल, हे यीस्टला विचारून उपयोग नाही. ते त्याला माहीतच नाही. त्याला विचारायचं ते वेगळं आणि अगदी नेमकं : हे जनुक धडधाकट असतं तेव्हा पेशीत कुठलं काम करतं? कारण जे बिघडलंय त्याचं काम काय होतं, हेच ठाऊक नसेल, तर बिघाडावर उपाय शोधणार कुठून?

आणि ते खरोखरच ठाऊक नव्हतं. फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन विकृतितज्ज्ञाने १८८२ मध्ये या गाठींचं सविस्तर वर्णन केलं, त्या मज्जातंतूंच्या आवरणातून उगवतात हेही दाखवलं. पुढची १०० वर्षं डॉक्टर डाग मोजत राहिले, गाठी काढत राहिले, घराण्यांच्या वंशावळी लिहीत राहिले. कारण मात्र अंधारात. मग १९९० च्या जुलैत अमेरिकेतल्या दोन गटांनी, मिशिगनमध्ये फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि युटामध्ये रे व्हाइट यांच्या गटाने, १७ व्या गुणसूत्रावरचं हे जनुक, म्हणजे एनएफ-१, शोधून काढलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला पुढे न्यूरोफायब्रोमिन असं नाव पडलं. हे प्रथिन अवाढव्य आहे, २८०० पेक्षा जास्त अमिनो आम्लांची माळ. पण जनुक सापडलं म्हणून त्याचं काम कळलं असं होत नाही. हातात आली होती ती फक्त अक्षरांची लांबच लांब ओळ.

अशा वेळी करतात काय, तर ती ओळ आधीपासून माहीत असलेल्या प्रथिनांच्या ओळींशी ताडून पाहतात. ताडून पाहिल्यावर मधल्या साधारण ३६० अमिनो आम्लांच्या तुकड्याला ओळखीचा चेहरा मिळाला. एक साम्य निघालं ते सस्तन प्राण्यांच्या गॅप नावाच्या प्रथिनाशी. दुसरं यीस्टच्या दोन प्रथिनांशी, ज्यांची नावं इरा-१ आणि इरा-२. आणि यीस्टच्या प्रथिनांशी असलेलं साम्य त्या ३६० च्या तुकड्यापाशी थांबत नव्हतं, त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं. म्हणजे दूरची का होईना, पण ही एकाच घराण्यातली मंडळी होती. इरा हे मुलीचं नाव म्हणून आपल्या कानाला गोड लागतं. इथे ती फक्त आद्याक्षरं आहेत : रास नावाच्या प्रथिनाला रोखणारं नियामक, असा त्यांचा अर्थ. पण इतकी वर्षं मी प्लेटच्या मागे मार्करने ‘इरा’ लिहीत आलेय, आता मला ते नावच वाटतं.

इरा-१ हे जनुक तानाका, मात्सुमोतो आणि तोह-ए या जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये मांडलं होतं, म्हणजे तुमच्या मुलीच्या आजाराचं जनुक सापडण्याच्या एक वर्ष आधी. माणसाच्या गाठी हा त्यांचा विषय नव्हता. अन्न असताना वाढायचं आणि अन्न संपलं की थांबायचं, हा निर्णय यीस्टची पेशी कशी घेते, त्या साखळीतले दुवे ते जोडत होते.

त्या निर्णयाच्या मुळाशी हेच रास प्रथिन आहे. रास म्हणजे एक खटका. जीटीपी नावाचा रेणू त्याला चिकटला की खटका चालू, त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झाला की बंद. रास आपला आपण बंद होतो, पण फार रेंगाळत. गॅप, इरा, न्यूरोफायब्रोमिन ही मंडळी येऊन त्याला बंद करतात, आणि हे काम ती एकट्या रासपेक्षा साधारण लाखपट वेगाने करतात. ती नसतील तर खटका चालूच राहतो.

आता यीस्टचं बघा. भोवती साखर आणि नायट्रोजन भरपूर असेल तेव्हा रास चालू, ‘वाढ’ असा निरोप पेशीभर पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू वाढलेला, आणि पेशी दर दीड तासाला दुप्पट होत सुटलेली. अन्न आटलं, की रास बंद. पेशी ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या साखरेच्या रूपांचा साठा करते, अंग आवरून घेते आणि उपासमार, उष्णता सोसायला तयार होते. इरा काढून टाकलेल्या यीस्टला हे जमत नाही. भोवती काही उरलेलं नाही, तरी ते सुकाळ असल्यासारखं वागत राहतं. साठा करत नाही, अंग आवरत नाही. त्याला काही मिनिटं ५० ते ५५ अंश सेल्सिअसची ऊब दिली, की मरून जातं. शेजारचं धडधाकट यीस्ट त्याच उष्णतेतून सुखरूप बाहेर येतं.

१९९० मध्येच काही गटांनी एक साधा प्रयोग केला. इरा नसलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या एनएफ-१ जनुकाचा तो मधला तुकडा घातला आणि यीस्टला उष्णता दिली.

ते जगलं.

ताई, यीस्टची आणि आपली वाट वेगळी झाली त्याला सुमारे १०० कोटी वर्षं झाली. तरी माणसाच्या जनुकाचा तुकडा यीस्टच्या पेशीत गेला आणि हरवलेल्या इराचं काम त्याने उचललं. १०० वर्षांहून अधिक काळ पडलेल्या प्रश्नाला त्या प्लेटवर उत्तर मिळालं होतं : न्यूरोफायब्रोमिन हा रासचा लगाम आहे. तुमच्या मुलीच्या मानेत मज्जातंतूंना गुंडाळणाऱ्या श्वान (Schwann) पेशी असतात. त्यांतल्या काहींचा लगाम पुरता सुटला, म्हणून त्या थांबायचं तेव्हा थांबल्या नाहीत. हे वाक्य आज कुठलाही डॉक्टर सहज सांगतो. १९९० च्या आधी ते जगात कुणालाही सांगता आलं नसतं.

हे मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हाचं सांगते, म्हणजे ‘यीस्टला विचारणं’ म्हणजे काय ते डोळ्यांपुढे येईल. एका प्लेटवर यीस्टच्या कॉलनी वाढवायच्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, सायीच्या रंगाच्या. निर्जंतुक मखमलीचा चौकोन लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवायचा, त्यावर प्लेट अलगद दाबायची. मखमलीच्या लवेला प्रत्येक कॉलनीतलं थोडंथोडं यीस्ट चिकटतं. मग त्याच मखमलीवर दोन नव्या प्लेटा दाबायच्या. एक ३० अंशांना ठेवायची, दुसरी उष्णता देऊन मग ३० अंशांना. दोन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, कोण जगलं, कोण गेलं. दुसरी एक चाचणी मला जास्त आवडते. आयोडीनच्या स्फटिकांवर प्लेट पालथी धरायची. ग्लायकोजेन साठवलेल्या कॉलनी मिनिटाभरात तांबूस तपकिरी होतात. इरा नसलेल्या फिकटच राहतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणसाचं जनुक घातलेल्या कॉलनी माझ्या हातात हळूहळू गडद होत गेल्या, आणि मी प्लेट खाली ठेवायची विसरून तशीच उभी राहिले होते.

पण मी तेव्हा फसलेही. पहिल्याच महिन्यात उष्णतेच्या प्लेटवर एक बदललेलं मानवी जनुक असलेल्या तीन कॉलनी ठणठणीत जगल्या. हा बदल निरुपद्रवी आहे, असं मी वहीत लिहूनही टाकलं. आमच्या वरिष्ठांनी एकच विचारलं : “जनुक काढून घेऊन बघितलंस?” माणसाचं जनुक आम्ही प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर घालतो, आणि यीस्टला ते कडं टाकून द्यायला लावता येतं. फ्लुओरो-ऑरोटिक आम्ल घातलेल्या माध्यमावर, ज्यांनी कडं टाकलंय तेवढीच यीस्टं वाढतात. मी तसं केलं. माणसाचं जनुक गेलं, तरी त्या तीन कॉलनी उष्णतेला दाद देईनात. म्हणजे त्यांना त्या जनुकाने वाचवलंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याच दुसऱ्या एखाद्या जनुकात बदल होऊन रासच्या पुढची साखळी सैल पडली होती. मी वहीतली ओळ खोडली. त्या खोडलेल्या ओळीच्या जागी एखाद्या मुलाचा अहवाल असू शकला असता, हे तेव्हा लक्षात आलं आणि हात गार पडले. तेव्हापासून जनुक काढून घेतल्याशिवाय मी एकाही कॉलनीवर विश्वास ठेवलेला नाही.

आता तुमच्या अहवालातल्या शेऱ्याबद्दल. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे जनुकात एक अक्षर बदललेलं दिसतंय, पण त्याने प्रथिन बिघडतं की नाही हे सांगण्याइतका पुरावा नाही. इथे यीस्ट खरोखर कामी येऊ शकतं. तो बदल मानवी तुकड्यात करायचा, तुकडा इरा नसलेल्या यीस्टमध्ये घालायचा, आणि जगतं का ते बघायचं. प्रथिनातल्या १२७६ व्या जागेवरचं आर्जिनिन हे याचं ठळक उदाहरण. हे आर्जिनिन बोटासारखं रासच्या आत शिरतं आणि फॉस्फेट तोडायला मदत करतं. काही रुग्णांत त्या जागी प्रोलिन आलेलं आढळलं. बाकी सगळं प्रथिन जागच्या जागी, फक्त ते बोट नाही, आणि लगाम खेचायचं काम जवळजवळ ठप्प. एवढ्या प्रचंड प्रथिनात रासला रोखणं हेच कळीचं काम आहे, हे अशा रुग्णांमुळेच पक्कं झालं.

पण या चाचणीच्या मर्यादा तुम्हाला माहीत असायला हव्यात. यीस्टमध्ये आपण घालतो तो मधला तुकडा. तुमच्या मुलीचा बदल २८०० च्या माळेत त्या तुकड्याबाहेर कुठे असेल, तर ही चाचणी गप्प राहील. आणखी एक. या जनुकाचे साधारण ६० तुकडे जोडून त्याचा संदेश तयार होतो, आणि बरेच रोगकारक बदल ही जोडणीच चुकवतात. आपण यीस्टला आयता जोडलेला संदेश देतो, त्यामुळे जोडणीतली चूक त्याला दिसतच नाही. तिथे मुलीच्या रक्तातल्या आरएनएची, म्हणजे त्या संदेशाचीच, तपासणी जास्त बोलते.

म्हणून जनुकीय समुपदेशकांना तीन प्रश्न विचारा. बदल रासला रोखणाऱ्या भागात आहे का? आरएनएची तपासणी झाली आहे का? आणि तुम्हा दोघांच्या रक्तात तो बदल आहे का? तुम्ही दोघं निरोगी आहात, आणि तो बदल दोघांतही नाही असं ठरलं, तर तो मुलीत नव्याने आला असं दिसतं, आणि संशयाचा काटा त्याच्याकडे बराच झुकतो. जवळजवळ निम्म्या रुग्णांत असा नवाच बदल असतो. तो कुणाच्या खाण्यापिण्याने, वागण्याने येत नाही. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या ओळींमधून ते मला ऐकू आलं, म्हणून लिहिते : तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आणि त्या शेऱ्यामुळे निदान डळमळत नाही. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ६ किंवा जास्त डाग, काखेतले ठिपके, आणि प्लेक्सिफॉर्म गाठ, ही तिन्ही लक्षणं निदानाच्या निकषांमध्ये आहेत. निकषांतली दोन पुरतात.

प्रश्न : या आजारावर सेल्युमेटिनिब नावाचं औषध आलंय. ते यीस्टमधूनच शोधलंय, असं एकाने सांगितलं. खरं का?

उत्तर : नाही. यीस्टवर माझं कितीही प्रेम असलं, तरी त्याच्या पदरात हे श्रेय टाकता येणार नाही.

रास हा खटका यीस्टमध्येही आहे आणि आपल्यातही, लगामही दोघांत आहे. पण खटक्यापुढची तार वेगळी आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये रास जाऊन ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला जागं करतो आणि सायक्लिक एएमपी वाढतं. आपल्या पेशींत रासची मुख्य तार रॅफ, मेक, अर्क या प्रथिनांतून एकामागून एक अशी जाते. यीस्टमध्ये रॅफच नाही. सेल्युमेटिनिब अडवतं ते मेकला. त्यामुळे ते यीस्टवर तपासून सापडलं असतं, हे शक्यच नव्हतं.

मात्र लगाम सुटला की रास मोकाट सुटतो, हे कळल्याशिवाय मेकला अडवायचं औषध या मुलांना द्यावं, असं कुणाला सुचलंही नसतं. यीस्टचा वाटा एवढाच आहे आणि तो मला पुरेसा मोठा वाटतो. १९९० मध्ये कारण कळलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सेल्युमेटिनिबला मान्यता दिली ती एप्रिल २०२० मध्ये, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठी असलेल्या, २ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी. मधली ३० वर्षं उंदीर, मानवी पेशी, एमआरआयवर गाठींचं आकारमान मोजायच्या पद्धती आणि चाचणीत सामील झालेली मुलं यांची आहेत. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यात ५० मुलं होती. त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या गाठी निदान २० टक्क्यांनी आक्रसल्या. गाठ नाहीशी होत नाही, लहान होते, आणि औषधाचे त्वचेवर, पोटावर, कधी हृदयाच्या कामावर दुष्परिणाम होतात, म्हणून ते देखरेखीखालीच घ्यायचं असतं. पण मानेत श्वासनलिकेला रेटणारी गाठ २० टक्क्यांनी कमी होणं म्हणजे काय, हे ते मूल रात्री झोपताना ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

औषध शोधायला यीस्ट अजिबात वापरलं नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या डार्टमथमधल्या एका गटाने २०११ मध्ये असा प्रयत्न प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलं ते उलटं. इरा-२ नसलेलं यीस्ट मारेल पण इरा-२ असलेल्याला सोडून देईल, असा रेणू आहे का? रेणू पेशीत सहज शिरावेत म्हणून त्यांनी आवरणाशी संबंधित ईआरजी-६ हे जनुकही काढून टाकलं होतं, कारण यीस्टची भिंत भल्याभल्या औषधांना दारातच अडवते. त्यांना असा एक रेणू मिळाला, आणि न्यूरोफायब्रोमिन नसलेल्या मानवी गाठीच्या पेशींवरही त्याचा परिणाम दिसला. ते औषध झालेलं नाही. पण मला हा विचार फार मोलाचा वाटतो. मेकचं औषध चालू खटक्याची तार कापतं. हा मार्ग, लगाम सुटल्यामुळे पेशीला जो नवा कमकुवतपणा येतो, त्याच्यावर बोट ठेवतो. इतके रेणू इतक्या झटपट चाळायला यीस्टसारखं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या अंगावर आयुष्यभर नुसते डाग होते, एकही मोठी गाठ नाही. माझ्या पतीच्या त्वचेवर शेकडो लहान गाठी आहेत. मुलाला डोळ्याच्या मज्जातंतूची गाठ झाली. तिघांत बदल तोच, असं चाचणी सांगते. मग तिघांची तऱ्हा वेगळी का?

उत्तर : या प्रश्नाने मलाही पुष्कळ छळलंय. उत्तराचे काही तुकडे हाताशी आहेत.

पहिला तुकडा योगायोगाचा. तिघांच्याही प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतः बिघडलेली आहे. दुसरी प्रत धड आहे तोवर लगाम कसाबसा टिकतो. एखाद्या पेशीत विभाजनाच्या वेळी तीही बिघडली, की तिथून गाठ किंवा डाग सुरू होऊ शकतो. हा दुसरा घाव कुठल्या पेशीत, कुठल्या वयात बसेल हे आधी ठरलेलं नसतं. गर्भात असताना एखाद्या श्वान पेशीच्या पूर्वज पेशीत बसला, तर गाठ मोठ्या भागात पसरते. चाळिशीत त्वचेजवळच्या एका पेशीत बसला, तर वाटाण्याएवढी गाठ. वडील आणि मुलगा एकच बदल वागवतात, पण दुसरे घाव ज्याचे त्याचे वेगळे.

दुसरा तुकडा बाकीच्या जनुकांचा, आणि तिथे यीस्टने आम्हाला चांगलंच शहाणं केलंय. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेला यीस्टचा एक वाण आणि द्राक्षमळ्यातून आलेला एक वाण यांचा संकर करून, कुठल्या फरकामुळे काय बदलतं हे संशोधकांनी बारकाईने शोधलं. पेशीतल्या कितीतरी जनुकांचा आवाज एकदम चढवणारी किंवा उतरवणारी जी मोजकी ठिकाणं सापडली, त्यांतलं एक निघालं इरा-२. दोन्ही वाणांत इरा-२ आहे, दोन्हींत ते काम करतं, पण त्यातल्या बारीक फरकाचा परिणाम दूरवर पोचतो, आणि किती पोचतो हे यीस्टला कुठलं अन्न दिलंय त्यावरही अवलंबून असतं. एकपेशीय जीवात, एकाच लगामाच्या दोन निरोगी आवृत्त्यांत एवढी तफावत. मग तुमच्या सासऱ्यांची, पतीची आणि मुलाची बाकीची हजारो जनुकं वेगवेगळी असताना तिघांची तऱ्हा एक कशी असेल?

यातून तुमच्या मुलाचं पुढे काय होईल ते काढता येत नाही. डोळ्याच्या मज्जातंतूच्या गाठी बहुतेक वेळा लहान वयातच दिसतात आणि त्यांतल्या अनेक वाढत नाहीत. म्हणून नेत्रतज्ज्ञांच्या तारखा चुकवू नका, मूल “मला दिसतंय” म्हणालं तरी. एका डोळ्याने कमी दिसू लागलंय, हे लहान मुलांना पुष्कळदा स्वतःला कळत नाही. पतींनाही सांगा, की एखादी जुनी गाठ अचानक वाढू लागली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, तर पुढच्या नेहमीच्या तपासणीची वाट बघायची नाही.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. प्रकल्पासाठी मला यीस्टमध्ये एनएफ-१ चे बदल तपासायचे आहेत. यीस्टमध्ये इरा दोन आहेत, माणसात न्यूरोफायब्रोमिन एकच. मग कुठलं काढायचं? आणि सुरुवात कशी करू?

उत्तर : सुरुवातीला इरा-२ काढलेला वाण घे. एकट्या इरा-२ च्या अभावानेही उष्णतेची चाचणी स्वच्छ दिसते आणि यीस्ट बऱ्यापैकी निरोगी राहतं. दोन्ही काढलेला वाण जास्त ठळक निकाल देतो, पण तो फार लवकर स्वतःच्याच जनुकांत बदल करून सुटका करून घेतो, आणि मी वर सांगितलंय तशी तू फसशील. काढलेले वाण उणे ८० अंशांना गोठवून ठेव आणि दर आठवड्याला तिथूनच नवी प्लेट काढ. महिनाभर त्याच प्लेटवरून पुढे नेत राहू नकोस.

पहिले दोन महिने एकही नवा बदल तपासू नकोस. धड मानवी तुकडा आणि १२७६ ला प्रोलिन असलेला तुकडा, एवढे दोनच घे. पहिला यीस्टला वाचवतो आणि दुसरा नाही, हे सलग पाच वेळा दिसू दे. प्रथिन बनतंय ना, तेही दर वेळी वेस्टर्न ब्लॉटने बघ. नाहीतर बदलामुळे काम बंद पडलंय, की प्रथिनच तयार होत नाहीये, हे तुला कळणार नाही, आणि रुग्णासाठी तो फरक महत्त्वाचा असतो. प्रत्येक जगलेल्या कॉलनीचं प्लाझ्मिड काढून घेऊन पुन्हा उष्णता दे.

आयोडीनची चाचणी फ्यूम हूडमध्येच कर, वाफ डोळ्यांना आणि घशाला फार लागते. आणि कॅमेरा आधी लावून, फोकस करून ठेव. कॉलनींवर चढलेला तपकिरी रंग काही मिनिटांतच उडून जातो आणि वहीत लावायला काही उरत नाही.